बावीसपैकी सतरा कड्या

नागपूर,
९ फेब्रुवारी २००९

श्री. टिकाराम रहांगडाले,
घड्याळ दुरुस्ती, बसस्थानकासमोर,
तिरोडा, जि. गोंदिया

महोदय,

आपला माझा परिचय नाही, आणि तो होण्याचे कारण सुखद नाही. म्हणून प्रथम वस्तुस्थिती घडली त्याच क्रमाने मांडतो. मत शेवटी देईन.

एक. माझे वडील केवलराम शहारे हे गोंदियाच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते. १९६२ साली त्यांनी स्विस बनावटीचे, हाताने चावी देण्याचे एक मनगटी घड्याळ घेतले. त्याची चेन पोलादी पत्रा दुमडून केलेल्या कड्यांची असून मूळची आहे.

दोन. वडील १४ मार्च १९९९ रोजी वारले. थोरला मुलगा या नात्याने घड्याळ माझ्याकडे आले. २८ मार्च रोजी ते मी माझा धाकटा भाऊ भोजराज यास दिले. देण्यापूर्वी चेन मोजली. कड्या बावीस. माझ्या दैनंदिनीत तशी नोंद आहे आणि नोंदीखाली भोजराजची सही आहे.

तीन. भोजराज तिरोड्यातील एका राईस मिलमध्ये भात सडण्याचे यंत्र, हलर, चालवीत असे. भाताच्या तुसात सिलिका असते. ती घामात मिसळली की पॉलिशच्या लेपाप्रमाणे पोलाद खाते, पिना बारीक होतात, कड्यांची भोके लांबट होतात. चेन झिजणे अपरिहार्य होते. ११ जून २००५ची आपल्या दुकानाची चिठ्ठी माझ्यासमोर आहे. तीवर 'चेन रिपेर, काम पक्के' असे आपल्या अक्षरात लिहिले आहे.

चार. भोजराजला खर्ऱ्याचे व्यसन होते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेले ते मिश्रण दिवसभर गालात धरून बसण्याची सवय आपल्या भागात कोणास अपरिचित नाही. खर्रा सोडल्याशिवाय माझ्या घराची पायरी चढू नये, असे मी त्यास २००४ साली लेखी कळविले होते. तरीही १७ नोव्हेंबर २००७, शनिवार, या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास तो नागपूरला माझ्या दारात आला. हातात प्लास्टिकची पिशवी होती. डाव्या गालात तोबरा भरलेला होता, त्यामुळे त्याचे शब्द मला कळेनात. फाटकाबाहेर जाऊन तोंड रिकामे करून यावे आणि मग बोलावे, असे मी त्यास सांगितले. तो फाटकाबाहेर गेला. परत आला नाही. हा भाग प्रस्तुत प्रकरणाशी संबंधित नाही. संबंधित भाग असा, की जाताना त्याने जयभीमसाठी हात वर केला, तेव्हा घड्याळ मनगटावरून कोपराकडे चार बोटे घसरले. म्हणजे आपल्या 'पक्क्या' कामानंतर अडीच वर्षांतच चेन पुन्हा ढिली झालेली होती. हे मी स्वतः पाहिले आहे.

पाच. २१ सप्टेंबर २००८ रोजी भोजराज तोंडाच्या कर्करोगाने वारला. आजार एकूण तीन आठवड्यांचा. मला कळविण्यास अवधी मिळाला नाही, असे घरच्यांनी सांगितले. मी तेव्हा चेन्नईस होतो. अंत्यविधीस नाही, पुढच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमास पोहोचलो.

सहा. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची मुलगी मोनाली हिने गेल्या महिन्यात घड्याळ मला आणून दिले. ते माझ्या मनगटाला बसत नाही. लॉक लागतच नाही. कड्या मोजल्या. सतरा.

यावरून निष्कर्ष एकच निघतो. झिजलेल्या चेनमध्ये नव्या पिना घालणे हे कष्टाचे आणि कौशल्याचे काम. ते टाळून कड्या काढायच्या, चेन आखूड करायची आणि गिऱ्हाइकाला घट्ट झाल्याचा भास करून द्यायचा, ही अर्धशिक्षित कारागिरांची जुनी युक्ती आहे. माझ्या साध्या भावाला ती कळली नाही. मला कळते.

कड्या कोणी काढल्या, केव्हा काढल्या आणि त्या पाच मूळ कड्या आज कोठे आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे पंधरा दिवसांत द्यावीत. माझा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे. उत्तर लेखी असावे. दूरध्वनी करू नये.

डॉ. चंद्रशेखर केवलराम शहारे
सेवानिवृत्त प्राध्यापक, धातुशास्त्र


तिरोडा
२० फेब्रुवारी २००९

आदरणीय शहारे सर,

नमस्कार. तुमचं पत्र भेटलं. जाड पाकीट पाहून मले वाटलं कोर्टाचा समन्स आला. घरवाली विचारते, तुमी घड्याळं दुरुस्त करून राहिले का कोणाचा खून करून राहिले?

कड्या मीच काढल्या. गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणून काढल्या. विकल्या नाही, हरवल्या नाही. पाचही माझ्या टेबलाच्या खणात आहेत. घड्याळ पाठवून द्या, अर्ध्या घंट्यात बसवून देतो.

काऊन काढल्या अन् केव्हा काढल्या, हे मात्र विचारू नका. मी भोजराजभाऊले शब्द देला आहे. माणूस गेला म्हणून शब्द जात नाही जी.

एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. चेन ढिली नव्हती. २००५ ले आठ जागी भोकं घासली गेली होती, हे खरं. मी एकेक भोक गोल करून जाड पिना टाकल्या. तीन दिवस तेच काम केलं. तुमी शिकलेले माणूस. एकदा चेन आडवी धरून पाहा. झिजलेली चेन हारासारखी खाली लोंबते. ही लोंबणार नाही.

टिकाराम रहांगडाले


नागपूर,
२७ फेब्रुवारी २००९

श्री. रहांगडाले,

आपण कड्या काढल्याची कबुली दिली आहे, तिची नोंद घेतली. उरलेल्या पत्रात उत्तर नाही, आडोसा आहे.

गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून काढल्या, हे विधान पडताळता येत नाही, कारण गिऱ्हाईक मृत आहे. स्वतःच्या कामातील खोट मेलेल्या माणसावर ढकलणे सोपे असते. तो उलट बोलत नाही. दिलेल्या शब्दाचे आपण जे सांगता, तेही तसेच. चेनमधून कड्या काढणे ही काही गुपित राखण्याची बाब नव्हे. जेथे शपथ घेतली जाते, तेथे लपविण्यासारखे काही असते, एवढाच तिचा अर्थ.

चेन आडवी धरून पाहा, हा सल्ला आपण ज्यास देत आहात, त्याने चौतीस वर्षे धातूंची झीज शिकवली आहे. जे मी डोळ्यांनी पाहिले, त्याला चाचणीची गरज नाही. पक्की चेन मनगटावरून चार बोटे घसरत नाही.

मी हे घड्याळाच्या किमतीसाठी करतो आहे, असा आपला समज असल्यास तो काढून टाकावा. त्या चेनच्या कड्यांत माझ्या वडिलांचा घाम आहे. रात्रपाळीहून आले की ते ती चेन उशाशी ठेवत आणि तिचा आवाज झाला की आम्ही दोघे भाऊ समजत असू, बाबा आले. ती वस्तू मी विश्वासाने धाकट्या भावाकडे दिली. तिची हेळसांड कोणी केली, त्याने की आपण, हे मला निश्चित करायचे आहे. आपण कबूल केलेत तर तो दोषमुक्त होईल. मला त्याच्याविषयी निदान एवढे तरी चांगले म्हणता यावे, अशी माझी इच्छा आहे.

३१ मार्चपर्यंत प्रत्येक कडी काढल्याची तारीख, कारण आणि त्या कड्या माझ्या हाती आल्या नाहीत, तर गोंदियाच्या ग्राहक मंचात तक्रार दाखल करीन. तिरोड्यात आपले नाव काय आहे ते मला ठाऊक नाही. त्यानंतर काय राहील, ते मात्र सांगू शकतो.

उत्तर लेखी.

चं. के. शहारे


तिरोडा
१२ मार्च २००९

शहारे सर,

मंचात जायचं तर खुशाल जा. तीस वर्षं झाली या टेबलावर बसून. तिरोड्यात कोणालेही विचारा. पण मेलेल्या माणसावर ढकलून राहिलो, असं तुमी लिहिलं. ते लागलं जी. दोन रोज एकही घड्याळ उघडलं नाही. म्हणून आज शब्द मोडतो. त्याचं पाप माझ्यावर नाही, तुमच्या पत्रावर.

पार्सलमध्ये पाच पुड्या आहेत. माझ्या दुकानात रोज फाडायचं तारखेचं कॅलेंडर असते. ज्या रोजी कडी काढली, त्या रोजचं पान फाडून त्यातच कडी बांधली. तुमाले तारखा पाहिजे होत्या ना? छापील आहेत. माझ्या अक्षरावर भरोसा ठेवायची गरज नाही.

पहिली पुडी, २१ ऑगस्ट २००७. भोजराजभाऊ मिलमधून सायकलनं आले. म्हणे, "टिकाराम, चेन ढिली झाली रे." मी पाहिली. म्हटलं, "चेन ठीक आहे, तुमीच उतरले भाऊ. उपास धरला का?"

"धरला."

"कोणता जी?"

"तोंडाचा," म्हणे, अन् हसले. अर्धंच तोंड हसलं. मग मले दाखवलं, एक बोट जाते एवढंच तोंड उघडत होतं. मी समजलो. आमच्या गल्लीत असे चौघं गेले. म्हणे, "दादाले सांगू नको. मीच सांगतो, नागपूरले जाऊन."

दुसरी, १८ नोव्हेंबर २००७. इतवार होता, दुकान बंद, म्हणून घरी आले. गाल सुजला होता, लिंबू ठेवल्यावानी. बोललेलं अर्धं समजे, अर्धं नाही. म्हणे, "काल नागपूरले गेलो होतो. दादाच्या समोर घड्याळ घसरलं. त्यानं पाहिलं." मी विचारलं, "दादा काय म्हणले?" म्हणे, "कामात होता." मग म्हणे, "एक कडी काढ. पुन्हा घसरू देऊ नको. दादाले वाटल, बाबाची वस्तू मी नीट नाही ठेवली."

सर, चेन नीट होती. हात बारीक झाला होता.

तिसरी ६ फेब्रुवारीची, चौथी २७ मेची. त्या दोन वेळा ते बोलले नाही. फक्त हात पुढे केला.

पाचवी, ३० ऑगस्ट २००८. मोनालीबाई बोलवायले आली, मी सामान घेऊन घरी गेलो. खाटेवर होते. मी म्हटलं, "आता काढून ठेवा भाऊ, टोचत असन." मान हलवली, नाही. मनगट माझ्या अंगठ्या-बोटात मावलं अन् वर जागा उरली. कडी काढली, चेन बसवली. चावी मले देऊ देली नाही. स्वतः देली. दहा वेळा थांबून. मग कागद मागून लिहिलं. तो कागद पाचव्या पुडीत आहे. तुमच्यासाठीच आहे, मी ठेवून काय करू?

आता मंचात काय दाखवायचं ते दाखवा. अन् घड्याळ तुमाले घालायचं असन तर पाठवा. पाच कड्या परत बसवतो. बावीस होतील.

टिकाराम रहांगडाले


नागपूर,
१८ मार्च २००९

श्री. रहांगडाले,

पार्सल मिळाले. पाच कड्या, पाच कॅलेंडरची पाने, एक कागद. यादी जुळते.

कागदावर भोजराजचे अक्षर आहे: 'कड्या दादासाठी. त्याचं मनगट बाबासारखं आहे.'

आज सकाळी चेन लॉकजवळ चिमटीत धरली आणि आडवी केली. सतरा कड्यांत पडलेला झोळ दोन मिलिमीटरहूनही कमी आहे. पुन्हा केली. तिसऱ्यांदा व्हर्नियरने मोजली. आपण बसविलेल्या आठही पिना भोकांत अचूक बसल्या आहेत. यापेक्षा चांगले काम मी पाहिलेले नाही.

चाचणी मी पहिल्याच दिवशी करावयास हवी होती. माझ्या विद्यार्थ्याने ती न करता निष्कर्ष लिहिला असता, तर मी त्याला नापास केले असते.

तक्रार करणार नाही. ९ आणि २७ फेब्रुवारीची माझी दोन्ही पत्रे मी परत घेतो.

कड्या बसवू नयेत.

चं. के. शहारे


नागपूर,
१८ मार्च २००९

श्रीमती पार्वताबाई भोजराज शहारे यांस, सप्रेम जयभीम.

माझी काही माहिती चुकीची निघाली आहे. ती दुरुस्त करण्यासाठी लिहितो. मोनालीने पत्र वाचून दाखवावे.

भोजराजचा आजार तीन आठवड्यांचा होता, असे मला सांगण्यात आले. माझ्या टेबलावर आत्ता पाच कड्या आहेत. पहिली २१ ऑगस्ट २००७ रोजी निघाली, शेवटची ३० ऑगस्ट २००८ रोजी. एक वर्ष आणि नऊ दिवस त्याचे मनगट झिजत होते. याचा तीन आठवड्यांशी मेळ बसत नाही.

म्हणून कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात. आजार प्रथम कळला ती तारीख. मला तीन आठवडे सांगावे, हे कोणी ठरविले. आणि त्याने खर्रा सोडला होता काय. सोडला असल्यास नेमका केव्हा. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर महिन्यावर थांबवू नये. दिवस हवा. १७ नोव्हेंबर २००७च्या आधीचा की नंतरचा, एवढे तरी निश्चित कळावे.

माझे मन राखण्यासाठी काही लिहू नये. तारखा लिहाव्यात.

उत्तरासाठी पाकीट सोबत आहे.

चंद्रशेखर


तिरोडा
२ एप्रिल २००९

ती. मोठे बाबांस,
मोनालीचा सप्रेम जयभीम.

तुमचे पत्र मी आईला दोन वेळा वाचून दाखवले. दहा दिवस तिने ते ट्रंकेत ठेवले. काल म्हणाली, लिही. तुम्हाला माहीत आहे, आई तुमच्यासमोर कधी बोलली नाही. थोरला दीर आला की पदर घेऊन आत जायचे, एवढेच तिला शिकवलेले. बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाला तुम्ही समोर बसला होतात, तेव्हाही ती दाराआडच होती. आज ती सांगते आहे आणि मी लिहिते आहे. शब्द तिचेच ठेवते. मी सुधारायला गेले तर म्हणते, "तसंच राहू दे. त्याहिले माहाच आवाज ऐकू जाऊ दे."

आई सांगते:

तुमी तारखा मागतल्या. घ्या.

आजार समजला ४ जून २००७ ले. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात. मी संग होती.

खर्रा त्याच रोजी सुटला. आमी परत आलो, तिरोड्याच्या फलाटावर उतरलो, अन् खिशातली पुडी काढून त्यांनी रुळावर फेकली. मरेपर्यंत सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही. म्हणजे तुमच्या त्या तारखेच्या आधी पाच महिने अन् वर तेरा दिवस. मोनालीनं मोजलं.

मी तवाच म्हणत होती, दादाले सांगा. ते म्हणत, "आत्ताच नाही. आज सोडला अन् आज गेलो, तर दादा म्हणल, रोग लागला म्हणून सोडला. पाच-सहा महिने पक्के होऊ दे. दादाले कच्चं काम आवडत नाही."

दिवाळीच्या वक्ती डॉक्टर म्हणले, आता मशीनचा शेक घ्या लागल, कॅन्सरवरचा. दीड महिना, रोज. रोज तिरोड्याहून नागपूर होत नव्हतं. गाडीत उभं राहवत नव्हतं. मग म्हणले, "दादाकडे राहतो. आता पायरी चढायले हरकत नाही." १७ नोव्हेंबरले पहाटेच्या पॅसिंजरनं गेले. पिशवीत दवाखान्याचे रिपोर्ट होते अन् दोन जोडी कपडे. एक टॉवेल. मीच भरली होती. दीड महिन्याचं सामान द्या म्हटलं, तर म्हणले, "एवढं घेऊन गेलो तर दादा घाबरल. बाकी मोनाली मागून आणल."

त्याच रोजी दिवे लागायच्या वक्ती परत आले. पिशवीची गाठ मी बांधली होती, तशीच होती.

मी विचारलं, काय झालं? म्हणले, "दादा कामात होता." मग उद्या जा, म्हटलं. गेले नाही. परवा जा, म्हटलं. गेले नाही. शेक घेतला नाही. मी भांडली. मोनाली पाया पडली. टिकारामभाऊनं सांगितलं, मिलचा मालक शालीकराम सेठ घरी येऊन बोलला. त्याहीनं सगळ्यायचं ऐकून घेतलं अन् गेले नाही. घड्याळ तेवढं रोज पुसत.

तीन हफ्ते सांगा, हे त्याहीनंच ठरवलं. काऊन म्हणून मी विचारलं, तर भिंतीकडे तोंड केलं.

आता माही गोष्ट.

इतके महिने मी समजून होती, दादा घरी नव्हते. त्यांची भेटच झाली नाही. फाटकाले कुलूप पाहून परत आले असतील, असं मी माह्या मनाले सांगून ठेवलं होतं. पण मंगळवारी टिकारामभाऊ आले होते. तुमी त्यायले लिहिलं म्हणते, की भोजराजच्या हातावरून घड्याळ घसरलेलं तुमी डोळ्यानं पाहिलं. त्याच रोजी. तुमच्या दारात. पत्रात अजून काय होतं म्हणून मी विचारलं, तर टिकारामभाऊ म्हणले, "सरांनी ते पत्र परत घेतलं आहे, मी सांगू शकत नाही." चहा टाकून उठून गेले.

म्हणजे भेट झाली.

मग माह्या माणसानं पिशवीची गाठ सोडली नाही, ते काऊन? तोंडात काहीच नसलेला माणूस तुमच्या दारात उभा होता. तो काय बोलला अन् तुमी काय म्हणले? चेन किती बोटं घसरली ते तुमाले दिसलं. मनगट दिसलं का नाही?

मी शिकलेली नाही. पण तुमी सगळ्यायले तारखा मागता, सह्या मागता, मग मलेही मागता येते. घाई नाही. मी आता कोठं जाणार आहे?

(इथपर्यंत आईचे.)

मोठे बाबा, आईने खाली स्वतः सही केली आहे. सही करायला मीच शिकवली होती, बाबांच्या दवाखान्याच्या कागदांसाठी.

तुम्ही आम्हाला पाठवलेले पाकीट आम्ही वापरले नाही. त्यावरचा तुमचा पत्ता कागद चिकटवून झाकला आहे आणि वर आमचा लिहिला आहे. तिकीट तुम्हीच लावलेले आहे. ते सोबत परत पाठवते. आई म्हणते, फोन करू नका, स्वतः येऊही नका. त्या दिवशी बाबा तुमच्या दारात आल्यापासून फाटक बंद होईपर्यंत जे झाले, ते क्रमाने, तुमच्या अक्षरात, तारीख घालून आणि खाली सही करून पाठवा.

उत्तर लेखी पाहिजे.

पार्वताबाई भोजराज शहारे
मोनाली